नेचे वाढतात कसे? नेच्यांचं पुनरुत्पादन आणि जीवनचक्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेचे, म्हणजे बोलताना आपण ज्यांना सर्रास ‘फर्न’ म्हणतो ती झाडं, कुंडीत असतात, विहिरीच्या आतल्या भिंतीवर असतात, घाटातल्या ओल्या दरडीवर आणि जुन्या आंब्याच्या खोडावरही असतात. त्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग ती वाढतात कशी, हे बागकाम करणारेही विचारतात आणि परीक्षेला बसलेले विद्यार्थीही. दोघांचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत. वाचताना एवढं ध्यानात ठेवा: नेच्याच्या एका आयुष्यात दोन वेगवेगळी झाडं असतात आणि आपण त्यांतलं एकच ओळखतो. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

पानांच्या मागे तपकिरी ठिपके आले आहेत. कीड आहे का? फवारणी करू का?

औषधाची बाटली आधी खाली ठेवा. पान उलटं करून ठिपके कसे मांडले आहेत ते बघा. प्रत्येक पर्णिकेवर, म्हणजे पानाच्या प्रत्येक छोट्या पात्यावर, मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना, सारख्या अंतराने ओळीत बसले असतील तर ती कीड नाही. ते बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणू (ज्यांपासून नेच्याची पुढची पिढी सुरू होते ते सूक्ष्म कण) साठवणाऱ्या डब्यांचे पुंज आहेत आणि झाडाचं उत्तम चाललं आहे. खवले कीड अशी शिस्त पाळत नाही. ती देठावर, पानाच्या वरच्या बाजूला, कुठेही चिकटते. पान चिकट होतं, मुंग्या येतात. तरी शंका असेल तर नखाने एक ठिपका खरवडा. कीड असेल तर खवला अख्खा उचकटून निघतो. पुंज असेल तर नखाला कोरडी तपकिरी भुकटी लागते.

कुंडीतल्या नेफ्रोलेपिस या नेच्याच्या बाबतीत ही गफलत फार होते. त्याच्या प्रत्येक पुंजावर मूत्रपिंडाच्या आकाराचं पातळ झाकण असतं. ते कोवळं असताना हिरवट-पांढरं दिसतं, मग तपकिरी होतं, आणि पहिल्या नजरेला खरंच किडीच्या खवल्याचा भास होतो. ‘रोगट पानं’ म्हणून अशी पानं छाटून टाकणारे लोक पुष्कळ आहेत. छाटू नका.

सगळ्या नेच्यांना असेच गोल ठिपके येतात का?

नाही, आणि नेचे ओळखायला याचाच मोठा उपयोग होतो. जुन्या विहिरींच्या आणि वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारा टेरिस व्हिटाटा घ्या. त्याच्या पर्णिकेच्या काठाने बीजाणुधानींची एक सलग तपकिरी किनार असते आणि पानाचा काठच आत दुमडून तिच्यावर पांघरूण घालतो. हंसराजात हे आणखी एक पाऊल पुढे जातं: काठाची जी छोटी घडी आत वळते, तिच्याच आतल्या बाजूला बीजाणुधानी उगवतात. झाडांच्या खोडांवर आणि कातळावर वाढणाऱ्या बाशिंगाला दोन प्रकारची पानं असतात. खोडाला चिकटून राहणारी, वाळून तपकिरी झालेली पानं पालापाचोळा अडवायचं काम करतात, त्यांवर बीजाणू कधीच येत नाहीत. लांब हिरव्या पानांवर मात्र ओळीने उघडे पुंज येतात, त्यांना झाकण नसतं.

सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, पावसाळ्यात ओफिओग्लॉसम नावाचा एक चिमुकला नेचा येतो. त्याला एक साधं पान आणि त्यातून निघालेली एक उभी काडी, एवढंच. बीजाणू त्या काडीवर दोन ओळींत असतात. हा नेचा आहे हे सांगितल्याशिवाय कोणाला पटत नाही.

चांदीच्या नेच्याचं पान हातावर दाबलं की पांढरा ठसा उमटतो. ते बीजाणू का?

नाही. ती पांढरी भुकटी पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर पडते. तिच्यामुळे पान कमी सुकतं. बीजाणू असतात पानाच्या काठाला, आणि ते गडद रंगाचे असतात. पुढच्या वेळी ठसा जरा जवळून बघा. पान पिकलेलं असेल तर पांढऱ्या नक्षीच्या कडेने बारीक काळपट कण दिसतील. बीजाणू म्हणजे ते.

बीजाणू म्हणजे नेच्याचं बीच ना?

हा सगळ्यात जुना गैरसमज. बी म्हणजे फलन होऊन गेल्यानंतरची गोष्ट: आत तयार गर्भ, सोबत अन्नाचा साठा, वरून कवच. बीजाणू म्हणजे एकच पेशी. तिच्यात गर्भ नाही आणि अन्नसाठाही बेताचाच. मुख्य म्हणजे बीजाणू तयार होताना नर-मादीचा काही संबंध आलेलाच नसतो. तो सगळा कारभार बीजाणू जमिनीवर पडून रुजल्यानंतरचा आहे. म्हणूनच बीजाणू पेरला की लगेच नेचा उगवत नाही. आधी वेगळंच काहीतरी उगवतं.

मग टप्पे क्रमाने सांगा.

आपल्या ओळखीचं पानांचं झाड हे बीजाणुधारी. त्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. पानामागच्या बीजाणुधानीत काही खास पेशींचं अर्धसूत्री विभाजन होतं आणि एक संच असलेले बीजाणू तयार होतात. बहुतेक नेच्यांत एका बीजाणुधानीत अशा मातृपेशी १६ असतात, प्रत्येकीपासून चार, म्हणजे ६४ बीजाणू. (गुणसूत्रांचा विषय निघालाच आहे तर: मघाच्या ओफिओग्लॉसमच्या रेटिक्युलॅटम या जातीत पेशीमागे १२६० गुणसूत्रं मोजली गेली आहेत. आपल्यात ४६. एवढ्या बोटभर झाडाला इतकी कशाला लागतात, देव जाणे.)

ओलसर, उजेडाच्या जागी पडलेला बीजाणू फुटतो. आधी एक रंगहीन केसासारखा मूलाभ खाली जातो आणि हिरव्या पेशींचा एक धागा पुढे सरकतो. काही दिवसांनी धाग्याचं टोक रुंद व्हायला लागतं आणि त्याचा चपटा, बदामाकृती हिरवा पापुद्रा होतो. हा प्रोथॅलस. आकाराने काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. कडेला एका पेशीच्या जाडीचा, मध्ये थोडा जाड. त्याला मुळं नाहीत, खोड नाही, पाण्याच्या नलिका नाहीत. तरी तो स्वतःचं अन्न स्वतः बनवणारं स्वतंत्र झाड आहे. याला युग्मकधारी म्हणतात. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो.

त्याच्या खालच्या बाजूला, मूलाभांच्या गर्दीत, पुंधानी तयार होतात; त्यांत नर युग्मक, म्हणजे नर पेशी. बदामाच्या वरच्या खाचेजवळ स्त्रीधानी असतात, प्रत्येकीत एक अंडपेशी. पाणी मिळालं की नर युग्मक पोहत जाऊन अंडपेशीशी एकरूप होतो, युग्मनज बनतो आणि गुणसूत्रांचे पुन्हा दोन संच होतात. युग्मनज तिथेच, प्रोथॅलसच्या कुशीत वाढतो. सुरुवातीला एका पायासारख्या भागाने तो प्रोथॅलसकडून अन्न घेतो. मग त्याचं पहिलं मूळ मातीत जातं आणि पहिलं पान खाचेतून वर येतं. हे पहिलं पान मोठ्या नेच्याच्या पानासारखं अजिबात नसतं. साधं, छोटं, एखादी चीर असलेलं. त्यामुळे ‘हे तण उगवलं’ म्हणून ते उपटलंही जातं. पुढची पानं हळूहळू जास्त विभागलेली येतात, प्रोथॅलस सुकून जातो, आणि आपण ज्याला नेचा म्हणतो ते झाड उभं राहतं.

परीक्षेसाठी याला पिढ्यांचं एकांतरण म्हणा. पण नेच्यांचं खरं वैशिष्ट्य त्याच्या पुढचं आहे. शेवाळवर्गातल्या मॉसमध्ये बीजाणू देणारा भाग आयुष्यभर हिरव्या युग्मकधारीवर बसून राहतो. सपुष्प वनस्पतींत उलट युग्मकधारी इतका आक्रसतो की तो परागकणात आणि बीजांडात लपून जातो. नेच्यात दोघंही स्वतंत्र, दोघंही स्वतःच्या पायावर उभे.

प्रोथॅलस आजवर कधी पाहिलाच नाही. कुठे शोधायचा?

पाहिला असणार, ओळखला नसेल. जुन्या मातीच्या कुंडीची ओली राहणारी बाहेरची बाजू, विहिरीतल्या दगडांच्या फटी, घाटरस्त्याची ताजी कापलेली दरड, बागेतल्या नळाखालची वीट: पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की तिथे भिंग घेऊन बसा. अडचण एवढीच की त्याच जागी लिव्हरवर्ट, म्हणजे मॉसचे चपटे भाईबंदही असतात. ते जाडसर असतात आणि पुनःपुन्हा दोन-दोन फाटे फुटत पसरतात. प्रोथॅलस पातळ असतो, उजेडासमोर धरला तर जवळजवळ आरपार दिसतो, आणि वरच्या टोकाला ती ठरलेली खाच. अलगद उचलून उलटा केलात तर खालून तपकिरी मूलाभांची लव दिसेल. नशीब जोरावर असेल तर खाचेतून डोकं काढलेलं नखाएवढं पान.

आधी सांगितलेला ओफिओग्लॉसम इथेही अपवाद. त्याचा युग्मकधारी जमिनीखाली असतो, हिरवा नसतो, आणि बुरशीच्या मदतीवर जगतो. तो शोधायच्या भानगडीत पडू नका.

बीजाणू इतके हलके, मग आपोआप गळून वाऱ्यावर जातात का?

गळत नाहीत, फेकले जातात. आणि हा भाग खरोखर बघण्यासारखा आहे.

बीजाणुधानी म्हणजे देठावर बसलेली सूक्ष्म गोल डबी. तिच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींची एक पट्टी गेलेली असते. हवा कोरडी झाली की या पेशींतलं पाणी उडायला लागतं. पेशींच्या बाहेरच्या भिंती पातळ असतात, त्या आत ओढल्या जातात, पट्टी आखडते, आणि डबी मधोमध फाटून सावकाश मागे वाकत जाते, बीजाणूंसकट. ताण वाढत राहतो. शेवटी पेशींत उरलेल्या पाण्यात एकदम बुडबुडे फुटतात, ताण क्षणात सुटतो आणि पट्टी गलोलीच्या रबरासारखी परत पुढे येते. बीजाणू सेकंदाला १० मीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर पडतात. गलोलीच्या रबराला अडवायला लाकडाचा फाटा असतो. इथे तसा फाटाच नाही. मग पट्टी पूर्ण मिटून बीजाणू पुन्हा आतच का अडकत नाहीत? कारण परत येण्याचा पहिला भाग अतिवेगवान असतो आणि उरलेला भाग पट्टीच्या भिंतींतून पाणी झिरपण्यामुळे मंदावतो. मध्येच मिळालेल्या त्या थांब्यात बीजाणू निसटतात. २०१२ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून हे मोजलं गेलं.

घरी बघायचं असेल तर पिकलेल्या पर्णिकेचा तुकडा उलटा करून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किंवा १० पटींच्या भिंगाखाली ठेवा आणि शेजारी टेबललॅम्प लावा. दोनेक मिनिटांत ऊब लागून डब्या वाकायला लागतात, आणि मग एकेक करून उडतात. कोणी लाह्या भाजतंय की काय असं वाटतं, फक्त आवाज नाही.

एका पानावर किती बीजाणू असतील?

समजा, एका पुंजात ४० बीजाणुधानी, एका पर्णिकेवर २० पुंज, पानाला १०० पर्णिका. प्रत्येक बीजाणुधानीत ६४ बीजाणू. गुणाकार येतो ५१ लाख २० हजार, एका पानाचा. यातले जवळपास सगळे वाया जातात.

हे बीजाणू किती लांब जाऊ शकतात?

बहुतेक आईच्या पायाशीच पडतात. पण थोडे वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा १८८३ साली स्फोट झाला आणि बेट राखेखाली गेलं. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, डच वनस्पतिशास्त्रज्ञ मेल्खिओर ट्रूब तिथे उतरला तेव्हा राखेवर नेच्यांच्या ११ जाती हजर होत्या. याहून जुना पुरावा खडकांत आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून डायनोसॉर संपले, त्या थराच्या लगेच वर कित्येक ठिकाणी नेच्यांच्या बीजाणूंची एकदम गर्दी आढळते. उजाड जमिनीवर पहिला ताबा घेण्यात नेचे पटाईत आहेत. एकट्या बीजाणूपासून एकटा प्रोथॅलस, आणि वेळ पडली तर त्यावरच नर-मादी दोन्ही. जोडीदार शोधायला नको.

म्हणजे स्वतःशीच फलन? मग संकर कसा होणार?

चांगला प्रश्न. एकाच प्रोथॅलसच्या नर आणि मादी युग्मकांत गुणसूत्रांचा तोच एक संच असतो. त्यांच्यापासून झालेल्या रोपात दोन्ही संच हुबेहूब सारखे. बेटावर एकट्याने संसार थाटायला हे ठीक, एरवी तोट्याचं.

यावर पुष्कळ नेच्यांनी शोधलेली युक्ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी वाटते. जो प्रोथॅलस आधी वाढून मोठा होतो तो आसपासच्या पाण्यात एक संप्रेरक सोडतो. त्याचं नाव अँथेरिडिओजेन. शेजारी उशिरा उगवलेल्या छोट्या प्रोथॅलसना ते लागलं की ते मादी अवयव करायच्या भानगडीत न पडता नर बनतात. मोठा प्रोथॅलस स्वतः मात्र त्याला दाद देत नाही, तो मादीच राहतो. म्हणजे मोठ्यांना भरपूर परके नर मिळतात, आणि छोट्यांना, जे तसेही मोठं रोप पोसू शकले नसते, काहीतरी पुढे पाठवता येतं. लिंग कोणतं हे जन्मतः ठरलेलं नाही. शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. १९५० साली ब्रॅकन नेच्यात हे प्रथम लक्षात आलं.

नेच्यांना ओलीच जागा का लागते?

मोठ्या झाडाला नेहमीच लागते असं नाही. चांदीचा नेचा उन्हाळाभर कातळावर पानं गुंडाळून कोरडाठाक पडून राहतो आणि पाऊस आला की उलगडतो. ओल हवी ती प्रोथॅलसला, आणि त्यातही पाण्यावाचून अगदी अडतं ते एकाच पायरीवर: नर युग्मकाला स्त्रीधानीपर्यंत पोहत जायचं असतं. तो मळसूत्री आकाराचा असतो आणि त्याला पोहण्यासाठी शेपट्यांसारख्या अनेक कशाभिका असतात. स्त्रीधानीच्या मानेतल्या पेशी विरघळतात, तोंड उघडतं आणि आतून रसायनं झिरपतात. त्यांच्या मागाने तो जातो. मॅलिक आम्ल नेच्यांच्या नर युग्मकांना खेचून घेतं हे विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दाखवलं. सगळा प्रवास काही मिलिमीटरांचा. एक दवबिंदू पुरतो, पण तो लागतोच.

विहिरीतल्या भिंतीवर एवढे नेचे का, आणि तीन हात वर उन्हातल्या भिंतीवर एकही का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा मोठ्या झाडाच्या नव्हे, प्रोथॅलसच्या गरजेत सापडतं.

पाण्याशिवाय, फलनाशिवाय नेचा तयार होऊच शकत नाही का?

होतो. काही नेच्यांत प्रोथॅलसच्या साध्या पेशींतूनच नवं रोप फुटतं, युग्मकांचं मीलन न होता. टेरिस क्रेटिका या जातीत १८७४ साली हे पहिल्यांदा पाहिलं गेलं. अशा नेच्यांच्या बीजाणूंतच गुणसूत्रांची संख्या निम्मी न होता पूर्ण राहते, त्यामुळे हिशोब जुळतो. ओळखायची खूण सोपी आहे: बीजाणुधानी फोडून मोजलं तर ६४ ऐवजी बहुधा ३२ बीजाणू निघतात, आकाराने मोठे. कोरड्या हवेत ही सोय कामाची ठरते.

बोस्टन फर्नचे बीजाणू पेरले, काहीच उगवलं नाही. काय चुकलं?

काही नाही. बोस्टन फर्न आणि त्याचे बरेचसे बागेतले वाण वांझ असतात. बीजाणू आले तरी ते रुजत नाहीत. नर्सरीत ते ऊतिसंवर्धनाने नाहीतर धावत्या खोडांपासून वाढवतात. तुम्हीही तेच करा. कुंडीबाहेर लोंबणारे बिनपानांचे हिरवट दोरे दिसतात ना, ते शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवा. टोकाला रोप फुटलं, त्याला मुळं धरली की मग दोर कापा.

हंसराज याहून हुशार. त्याच्या पानाचा मधला काळा दांडा टोकाला पुढे वाढतो, जमिनीला टेकतो आणि तिथे मुळं धरून नवीन रोप तयार होतं. पावसाळ्यात दरडीवर याची अख्खी रांग उतरत गेलेली दिसते.

शाकीय, म्हणजे बीजाणूंशिवाय होणाऱ्या वाढीचं टोक बघायचं तर साल्व्हिनिया मोलेस्टा. मूळचा ब्राझीलचा हा तरंगता नेचा पूर्ण वांझ आहे, तरी केरळातले कालवे आणि भातशेतं त्याने भरून टाकली होती. प्रत्येक तुटलेला तुकडा म्हणजे नवं झाड. शेवटी एका छोट्या सोंड्या किड्याच्या मदतीने त्याला आवर घातला गेला. आपल्याकडच्या नद्यांतली जलपर्णी ती ही नव्हे. ती फुलं येणारी वनस्पती आहे.

घरी बीजाणूंपासून नेचे कसे वाढवायचे?

चिकाटी हवी, बाकी अवघड काही नाही. बागेतलाच एखादा बीजाणू देणारा नेचा निवडा; अभयारण्यातून झाडं उपटून आणू नका, लागते ती एक पर्णिका.

वेळ साधणं महत्त्वाचं. ठिपके हिरवट असतील तर कच्चे, फाटून पिंजल्यासारखे दिसत असतील तर रिकामे. चकचकीत, गडद, फुगीर ठिपके हवेत. पावसाळा उतरताना असे भरपूर मिळतात. पर्णिका ठिपके खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर दुसरा कागद झाका आणि पंख्यापासून लांब ठेवा. एक-दोन दिवसांत भुकटी पडते. हिच्यात बीजाणूंबरोबर फुटलेल्या बीजाणुधानींचा कोंडाही असतो, आणि त्याबरोबर बुरशी येते. म्हणून कागद तिरपा धरून खालून हलक्या टिचक्या मारा. कोंडा आधी घरंगळून जातो, बीजाणू कागदाला धरून राहतात. उरतं ते वापरा.

बारीक कोकोपीटमध्ये थोडी चाळलेली पानमाती मिसळा आणि त्यावर उकळतं पाणी ओता. ही पायरी टाळणारे पुढे महिनाभर मॉसच वाढवत बसतात. पार थंड झाल्यावर झाकणाच्या पारदर्शक डब्यात भरा. हॉटेलातून पार्सलचे येतात ते उत्तम. बीजाणू वरून अगदी विरळ भुरभुरा, मातीने झाकू नका. बहुतेक नेच्यांचे बीजाणू रुजायला उजेड लागतो. झाकण लावा, डबा उजेडात पण थेट ऊन येणार नाही असा ठेवा, आणि विसरून जा.

दोन ते सहा आठवड्यांत मातीवर हिरवी झाक येते. अनेक जण इथेच ‘शेवाळ आलं’ म्हणून डबा फेकतात. भिंगाने बघा, थांबा. दोन-तीन महिन्यांत बदामाकृती प्रोथॅलस स्पष्ट दिसतात. आता उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा अधूनमधून मारायचा, कारण पोहण्याची वेळ आलेली असते. प्रोथॅलस छान, दाट, हिरवेगार, पण महिनोन्‌महिने एकही पान नाही, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच: डबा ओलसर होता, पण पृष्ठभागावर पाण्याचा थर कधी आलाच नाही. किंवा पेरणी फार दाट झाली आणि सगळे खुरटलेले नर निघाले. अशा वेळी चिमटीएवढे पुंजके काढून दुसऱ्या डब्यात अंतराने लावा.

पानं दोन-तीन सेंटिमीटरची झाली की झाकण रोज थोडं जास्त उघडं ठेवत बाहेरच्या हवेची सवय लावा आणि मग छोट्या कुंड्यांत हलवा. कुंडी भरलेली दिसायला पेरणीपासून एक ते दोन वर्षं धरून चाला.

जमवलेले बीजाणू किती दिवस टिकतात?

रंगावरून अंदाज येतो. तपकिरी, पिवळट बीजाणू कागदाच्या पुडीत कोरडे ठेवले तर कित्येक महिने, बऱ्याच जातींत काही वर्षंही टिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट होऊन बुरशी धरते. ओस्मुंडासारख्या काही नेच्यांचे बीजाणू हिरवे असतात; त्यांच्यात आधीपासूनच हरितद्रव्य असतं. ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरतात. ते त्याच दिवशी पेरा.

मार्सिलिया आणि अझोला हेही नेचेच ना? त्यांचं चक्र असंच असतं?

नेचेच, पण त्यांचा मामला वेगळा. यांच्यात बीजाणूच दोन प्रकारचे असतात: लहान नर, मोठे मादी. लिंग बीजाणूतच ठरलेलं असतं आणि युग्मकधारी बीजाणूच्या कवचातून जेमतेम डोकं बाहेर काढतो.

भाताच्या खाचरात चार पर्णिकांचा मार्सिलिया दिसतो. पाणी आटायला लागलं की देठाच्या तळाशी उडदाच्या दाण्याएवढ्या कठीण बीजाणुफळांत बीजाणू बंद करून तो वाळून जातो. ही फळं वर्षानुवर्षं तशीच पडून राहू शकतात. वनस्पतिशास्त्राच्या पदवी वर्गातलं ठरलेलं प्रात्यक्षिक आहे: फळाला ब्लेडने छोटी चीर द्यायची आणि पाण्यात सोडायचं. थोड्या वेळात आतून एक पारदर्शक चिकट दोर फुगत बाहेर येतो, त्याला दोन्ही बाजूंनी बीजाणूंच्या पिशव्या. फलनापर्यंतचं सगळं साधारण दिवसाभरात उरकतं. डबकं आटायच्या आत संपवायचं तर घाई हवीच.

अझोला आपल्याकडे शेतकरी जनावरांच्या चाऱ्यासाठी टाकीत वाढवतात. टाकीत तो तुकडे पडूनच वाढतो, बीजाणूंची वाट बघायला लागत नाही. पण बीजाणूंचं प्रकरण मजेशीर आहे. अझोलाच्या पानांत हवेतला नत्र स्थिर करणारे नील-हरित जिवाणू राहतात. मादी बीजाणू तयार होताना त्यांतले काही सोबत बांधून दिले जातात. पुढच्या पिढीला ते बाहेरून शोधावे लागत नाहीत.

हे सगळं शोधून काढलं कोणी?

युरोपात शतकानुशतकं लोकांना वाटायचं की नेच्याला अदृश्य बी असतं आणि ते ज्याला मिळेल तो स्वतः अदृश्य होतो. पूर्व युरोपात मध्य-उन्हाळ्याच्या एका रात्री नेच्याला जादूचं फूल येतं अशीही समजूत होती. भुकटी पेरून रोपं उगवतात हे जमैकात काम करणारा शल्यचिकित्सक जॉन लिंडसे याने १७९४ मध्ये छापून सांगितलं. पण मधल्या हिरव्या पापुद्र्यावर काय घडतं हे तरी कोडंच होतं. १८४४ मध्ये कार्ल नेगेलीला त्यावर नर अवयव दिसले. १८४८ मध्ये पोलंडच्या मिखाउ लेश्चित्स-सुमिन्स्की या सरदाराने मादी अवयव आणि फलन दाखवलं. १८५१ मध्ये विल्हेल्म होफमाइस्टरने मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष सगळ्यांत हेच दोन पिढ्यांचं चक्र आहे हे जुळवून दिलं. होफमाइस्टर तेव्हा घरच्या संगीत-प्रकाशनाच्या धंद्यात होता. वनस्पतिशास्त्र त्याने स्वतःच शिकलं.

प्रोथॅलस नेहमी मरतोच का? तो तसाच राहिला तर?

राहतो. अमेरिकेच्या अपालाचियन डोंगरांत व्हिटारिया अपालाचियाना नावाचा नेचा फक्त युग्मकधारीच्या रूपात जगतो. खडकांच्या ओल्या कपारीत त्याचे हिरवे थर असतात, बारीक कळ्या तुटून पसरतात, आणि पानांचं पूर्ण वाढलेलं झाड निसर्गात दिसत नाही. ब्रिटन आणि आसपासच्या देशांत किलार्नी नेच्याची मोठी झाडं दुर्मीळ आहेत, पण त्याचे युग्मकधारी गुहांच्या अंधारात कितीतरी जास्त ठिकाणी सापडले आहेत. लोक वर्षानुवर्षं त्यांना मॉस समजून पुढे जात होते.

ॲस्परॅगस फर्नला ठिपके का येत नाहीत?

कारण ती फर्न नाहीच. ती शतावरीच्या कुळातली. तिला पांढरी फुलं येतात, लाल फळं येतात, फळात काळं बी असतं. ते बी पेरा, थेट रोप येईल.